पगारपत्रक नाही, रजेचं पत्र नाही : स्वतःचा धंदा असणाऱ्यानं युरोपच्या व्हिसाची फाईल कशी बांधावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सीएनसी मशिनिंगचं जॉबवर्क (संगणकावर चालणाऱ्या मशिनवर दुसऱ्यांचे सुटे भाग घडवून देण्याचं काम), शेड भाड्याची, मशिनं स्वतःची, धंद्याला नऊ वर्षं झाली. वर्षाची उलाढाल ८० लाख, रिटर्नमध्ये उत्पन्न ६ लाख ४० हजार. येत्या मे महिन्यात बायको आणि दहा वर्षांच्या मुलीला घेऊन १२ दिवस स्वित्झर्लंड, इटली आणि पॅरिस करायचं आहे. कागदांच्या यादीत नोकरीचा दाखला, पगारपत्रकं आणि रजा मंजूर झाल्याचं पत्र मागितलंय, यातलं यांच्याकडं काहीच नाही. एका एजंटानं सांगितलंय की खात्यात दहा लाख आणून ठेवा, बाकीचं आम्ही बघतो. तर ठेवावेत का, आणि नसलेल्या कागदांच्या जागी काय लावावं?

आधी दहा लाखांचं. ठेवू नका. करसल्लागार म्हणून मी कोल्हापुरातल्या धंदेवाल्यांच्या व्हिसाच्या फायली बरीच वर्षं तयार करते आहे, आणि चांगल्या माणसांच्या फायली या एका सल्ल्यानं बिघडलेल्या बघितल्या आहेत. सहा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये शिल्लक चाळीस हजार ते दीड लाख अशी फिरत असते आणि अर्जाच्या आधी आठ दिवस अचानक दहा लाख जमा होतात. तपासणारा अधिकारी रोज अशी स्टेटमेंटं बघतो. मेहुण्याकडून आणलेले पैसे त्याला पहिल्या नजरेत कळतात, आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही त्याचा विश्वास उडतो. खरोखरच एफडी मोडली असेल, प्लॉट विकला असेल, विम्याची मुदत संपून रक्कम आली असेल तर ती जरूर दिसू द्या, फक्त ती कुठून आली याचा कागद सोबत जोडा.

नोकरदाराच्या बाबतीत त्याची कंपनी सांगते की हा आमच्याकडं कामाला आहे, इतका पगार घेतो आणि अमुक तारखेला परत कामावर येणार आहे. तुमच्यासाठी हे सांगणारं कुणी नाही. तुम्ही स्वतःच स्वतःबद्दल सांगितलं तर त्याला फार वजन नाही. म्हणून तुमच्या फाईलचा सगळा भार अशा कागदांवर टाकायचा जे तुम्ही तयार केलेले नाहीत: आयकर खात्याचे, जीएसटीचे, बँकेचे आणि तुम्हाला काम देणाऱ्या पार्ट्यांचे. आणि या चारही ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत. अधिकाऱ्यानं उद्यमनगर कधी बघितलेलं नसतं आणि तुमच्या फाईलला तो फार वेळ देऊ शकत नाही. त्या वेळात त्याला तीन गोष्टी पटायला हव्यात. धंदा खरा आहे, सहलीचा खर्च या माणसाला झेपतो, आणि हा माणूस परत येणार आहे.

धंदा खरा असल्याचा पुरावा तुमच्याकडं बहुतेक तयारच असेल. जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र, उद्यम नोंदणी, शॉप ॲक्टची पावती, शेडचा भाडेकरार, महावितरणचं औद्योगिक वीजबिल. यातला सगळ्यात जुन्या तारखेचा कागद वर ठेवा. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली, त्यामुळं फक्त तीच लावली तर नऊ वर्षांचा धंदा कोवळा दिसतो. जुना उद्योग आधार किंवा पहिल्या वर्षाचं शॉप ॲक्ट लायसन शोधून काढा. भागीदारी असती तर भागीदारीपत्र आणि दुसऱ्या भागीदाराचं पत्र लागलं असतं. प्रायव्हेट लिमिटेड असती तर कंपनीच्या लेटरहेडवर दुसऱ्या संचालकाच्या सहीचं पत्र. तुमची मालकी एकट्याची आहे, म्हणून रजेच्या पत्राच्या जागी तुमचं स्वतःचं पत्र येईल. त्याबद्दल पुढं लिहिते.

आता एक कागद जो लोक लावतच नाहीत. फाउंड्रीवाले आणि मोठ्या कंपन्या तुमचं जॉबवर्कचं बिल देताना टीडीएस कापतात, मालकीच्या धंद्याला बहुतेक एक टक्का. तो कुणी कापला, किती रकमेवर कापला हे सगळं तुमच्या २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या उताऱ्यात येतं. म्हणजे तुम्हाला काम देणाऱ्या पार्ट्यांची नावं आणि त्यांनी दिलेली रक्कम सरकारी कागदावर छापून येते, आणि त्यात तुमचा हात कुठंच नसतो. जॉबवर्क करणाऱ्यासाठी पगारपत्रकाच्या सगळ्यात जवळचा कागद हाच. तो आयटीआरच्या मागं लावा आणि दोन-तीन मोठ्या पार्ट्यांची नावं हायलाइट करा.

आयटीआर लावताना नुसती पोचपावती लावू नका. पूर्ण फॉर्म आणि सीएनं केलेलं उत्पन्नाचं गणित, दोन्ही तीन वर्षांचं. इथं तुमच्या फाईलमधला पहिला गोंधळ होऊ शकतो. आपण ज्याला सवयीनं ४४एडी म्हणतो त्या अनुमानित योजनेत तुम्ही ८० लाखांवर ८ टक्के धरून ६ लाख ४० हजार उत्पन्न दाखवलेलं दिसतंय. परदेशी अधिकाऱ्याला करंट खात्यात महिन्याला सहा-सात लाख येताना दिसतात आणि रिटर्नमध्ये मात्र महिन्याला त्रेपन्न हजारांचं उत्पन्न. त्याला यातलं एक खोटं वाटू शकतं. म्हणून पत्रात दोन ओळी स्पष्ट लिहा की ८० लाख ही धंद्याची एकूण उलाढाल आहे, भारतीय आयकर कायद्यानुसार छोट्या व्यावसायिकाला उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर उत्पन्न दाखवता येतं, आणि त्यानुसार ६ लाख ४० हजार हे करपात्र उत्पन्न आहे. शिवाय बँकेतली जमा जीएसटी धरून असते, म्हणून ती ८० लाखांपेक्षा जास्त भरेल. तेही सांगा. जीएसटीच्या पोर्टलवरून वर्षभराच्या ३बी रिटर्नचा (जीएसटीच्या नियमित विवरणपत्राचा) गोषवारा काढा, त्यातली उलाढाल आणि आयटीआरमधली उलाढाल शेजारी ठेवून बघा. फरक निघाला तर अर्ज भरण्याआधी तुमच्या सीएकडं जा, कारण तो फरक व्हिसापेक्षाही मोठ्या कटकटीचा आहे.

दुसरा गोंधळ खर्चाचा, आणि हा जास्त अवघड आहे. तिघांचं विमानभाडं, राहणं, स्वित्झर्लंडमधल्या रेल्वेचे पास आणि जेवणखाण धरून मे महिन्यात सहा-सात लाख सहज लागतात. म्हणजे कागदावरचं अख्ख्या वर्षाचं उत्पन्न बारा दिवसांत संपणार. मग घर कशावर चालतं, हा प्रश्न अधिकाऱ्याला पडणारच, आणि तो पडणं रास्त आहे. कोल्हापुरात ही अडचण मी घरोघरी बघते. कर वाचावा म्हणून उत्पन्न जेमतेम दाखवायचं, आणि गृहकर्ज किंवा व्हिसा हवा झाला की त्याच कागदानं ऐपत सिद्ध करायला निघायचं. ते जमत नाही. ४४एडीत ठरलेले टक्के ही किमान मर्यादा आहे. नफा त्याहून जास्त होत असेल तर तो जास्तच दाखवायचा असतो. तुम्हाला पुढच्या काही वर्षांत मुलीला परदेशी शिकायला पाठवायचं असेल तर आत्तापासून खरं उत्पन्न दाखवायला लागा, हे मी कळकळीनं सांगते.

या वर्षीसाठी उपाय असा की खर्च चालू उत्पन्नातून नाही तर नऊ वर्षांच्या बचतीतून होतोय हे दिसलं पाहिजे. एफडीच्या पावत्या, पीपीएफ, म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट, तुमच्या आणि वहिनींच्या नावावरचं. स्वित्झर्लंड स्वतःच्या खर्चानं येणाऱ्या पर्यटकासाठी माणशी दिवसाला साधारण १०० फ्रँकचा हिशोब धरतं. तिघं, १२ दिवस म्हणजे ३,६०० फ्रँक, आजच्या भावानं चार लाखांच्या आसपास. हे सहज काढता येतील असे, विमानभाडं सोडून, सेव्हिंगमध्ये आणि एफडीत मिळून दिसले की पुरे. त्याच्या दुप्पट-तिप्पट दाखवून काही वाढीव मिळत नाही. आणि हे जमत नसेल तर सहल आठ दिवसांची करा, पॅरिस पुढच्या वेळी बघा. कागदाला झेपणारी सहल मागितली तर ती पटते.

स्टेटमेंट सहा महिन्यांची द्या, करंट आणि सेव्हिंग दोन्ही, बँकेच्या शिक्क्यासह. आपल्याकडं बरेच धंदेवाले सगळं करंट खात्यातूनच चालवतात. पत्र्याचं बिल, कामगारांची मजुरी, किराणा आणि मुलीची फीसुद्धा. त्यात तुमची स्वतःची मिळकत किती हे कुणालाच कळत नाही. अर्जाला अजून वेळ असेल तर या महिन्यापासूनच दर महिन्याच्या ठरावीक तारखेला करंटमधून सेव्हिंगमध्ये ठरावीक रक्कम घरखर्चाची उचल म्हणून वळती करा आणि घर त्याच खात्यातून चालवा. चार-सहा महिन्यांत ते सेव्हिंग खातं नोकरदाराच्या पगार खात्यासारखं दिसायला लागतं. हे मी प्रत्येकाला सांगते आणि याचा फायदा नक्की होतो.

कॅश क्रेडिट खातं असेल तर तिथं शिल्लक उणे दिसते. आपल्याला ते नेहमीचं, पण बाहेरच्या माणसाला हा कर्जात बुडालाय असं वाटतं. बँकेचं मंजुरीपत्र जोडा आणि ही खेळत्या भांडवलासाठीची मर्यादा आहे एवढं लिहा. पैसे पतसंस्थेत असतील तर ते पुरवणी म्हणून दाखवा. मुख्य आधार बँकेच्या स्टेटमेंटचाच असू द्या. सीएकडून निव्वळ मालमत्तेचा दाखला घेतला तर त्यावर यूडीआयएन क्रमांक (दाखला खरा आहे का हे पडताळता येणारा क्रमांक) आहे का बघा. तो नसलेला दाखला आता चालत नाही.

शेती असेल तर ती जरूर दाखवा, पण तिची जागा ओळखून. गावाकडं तुमच्या नावावर दोन एकर ऊस असेल तर सातबारा आणि आठ-अ हे तुम्ही परत येणार याचे चांगले पुरावे आहेत. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. उसाचं बिल किंवा गोकुळचं दर दहा दिवसाचं दूधबिल ज्या खात्यात जमा होतं त्याचंही स्टेटमेंट लावा, कारण दर दहा दिवसानं येणारी रक्कम ही नियमित मिळकत आहे, आणि शेतीचं उत्पन्न आयटीआरमध्येही दाखवलेलं असेल तर हे सगळं एका ओळीत येतं. जमीन वडिलांच्या नावावर असेल तर मात्र ती तुमची ऐपत म्हणून मांडू नका. घर एकत्र आहे आणि आई-वडील सोबत राहतात, हे सांगण्यापुरता तिचा उपयोग.

आता ते पत्र. फाईलमधला सगळ्यात वरचा कागद हा, धंद्याच्या लेटरहेडवर, एक पान, फार तर दीड. बाजारात मिळणारा नमुना उचलू नका. युरोपचं सौंदर्य, लहानपणापासूनचं स्वप्न, यातलं काही लागत नाही. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण, धंदा कधीपासून, कामगार किती, मुख्य पार्ट्या कोण. दुसऱ्यात सहल कधी, कुठं किती रात्री, खर्च कोण करणार आणि कोणत्या खात्यातून. तिसऱ्यात वर सांगितलेले आकड्यांचे खुलासे. आणि शेवटी ते, जे रजेच्या पत्राची जागा घेतं: तुम्ही नसताना शेड कोण बघणार. धाकटा भाऊ बघणार असेल तर त्याचं नाव, तो धंद्यात काय करतो, आणि त्याच्या सहीचं चार ओळींचं पत्र. फोरमन बघणार असेल तर तसं. मे महिन्याचं कारण साधं आहे, मुलीच्या शाळेला सुट्टी. तेच लिहा. जूनमध्ये द्यायच्या कामाची एखादी परचेस ऑर्डर हातात असेल तर तिची प्रत जोडा. परत यायचं कारण म्हणून घराच्या फोटोपेक्षा ती ऑर्डर कितीतरी बोलकी आहे.

उद्देश एकच ठेवा. आपल्या उद्यमनगरातल्या मंडळींना मशिनं बघायची ओढ असते हे मला माहीत आहे. पण हानोवरच्या ईएमओसारखं प्रदर्शन बघायचं असेल किंवा मशिन बनवणाऱ्याच्या कारखान्यात जायचं असेल, तर तसं लिहून, त्यांचं निमंत्रण लावून व्यवसायाच्या कारणासाठी अर्ज करायचा. पर्यटनाच्या पत्रात जाता जाता मशिनरी बघणार असं एक वाक्य टाकलं की दोन्ही उद्देश अर्धवट दिसतात.

वहिनींचा स्वतःचा धंदा किंवा नोकरी नसेल तर काही बिघडत नाही. त्यांचा खर्च तुम्ही करणार असल्याचं पत्र, विवाह नोंदणीचा दाखला आणि असतील तर त्यांच्या नावावरच्या ठेवी. घरातून शिलाईकाम, मेस किंवा पार्लर चालवत असतील आणि कागद काही नसेल, तर अर्जासाठी घाईनं नोंदणी करून धंदा दाखवू नका. मागच्या महिन्यातल्या तारखेचं प्रमाणपत्र शंका वाढवतं. हाच नियम आयटीआरला. तीन वर्षांचे रिटर्न एकाच आठवड्यात भरलेले असतील तर तारखा ते सांगतात, अशा वेळी एक वर्ष थांबणं शहाणपणाचं. मुलीसाठी जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड आणि तिच्या अर्जावर तुम्हा दोघांच्या सह्या. तिचा पासपोर्ट आजच काढून बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, आणि परतीच्या तारखेनंतर तो किमान तीन महिने चालू असावा लागतो.

कोणत्या देशाकडं अर्ज करायचा हे रात्री मोजून ठरतं. स्वित्झर्लंड पाच, इटली तीन, पॅरिस तीन, तर अर्ज स्वित्झर्लंडकडं. दिवस सारखे झाले तर जिथं आधी उतरणार त्या देशाकडं. दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळतेय म्हणून आराखडा फिरवू नका. हॉटेलं रद्द करता येणारी घ्या आणि निर्णय येईपर्यंत रद्द करू नका. तपासणी होते. विमानाचं आरक्षण पुरतं, न परतणारं तिकीट व्हिसाआधी काढायचं नाही. एजंट बनावट बुकिंग करून देतो म्हणाला तर तिथूनच परत फिरा, कारण खोटा कागद सापडला तर त्याचा जाब तुमच्या नावावर राहतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांसाठी (म्हणजे या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांसाठी) आणि सगळ्या दिवसांसाठी.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत जाऊ शकतात. मे महिन्यासाठी फेब्रुवारीत अपॉइंटमेंट घ्या, एप्रिलमध्ये जागा मिळत नाही. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, म्हणजे तुम्हा तिघांचे २२५ युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाखर्च. नकार आला तरी पैसे परत मिळत नाहीत. केंद्रावरचे कर्मचारी कागद घेतात, व्हिसा द्यायचा की नाही हे ते ठरवत नाहीत, त्यामुळं त्यांच्या बोलण्यावरून आशा किंवा निराशा धरू नका. पुण्यात अपॉइंटमेंट असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा, हायवेच्या भरवशावर सकाळची वेळ घेऊ नका. मुंबई असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची आहे.

एक गोष्ट तुमच्या कामामुळं मुद्दाम सांगते. रोज जॉब हाताळून आणि कूलंटमध्ये (मशिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) हात घालून बोटांचे ठसे झिजतात, आणि केंद्रावरचं यंत्र ते घेत नाही. मशिनवर तुम्ही स्वतः उभे राहत असाल तर आधी आठ-दहा दिवस कूलंटला हात लावू नका, रात्री झोपताना व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चोळा. मुलगी बारा वर्षांच्या आतली आहे, तिचे ठसे घेत नाहीत. तुमचे एकदा दिलेले ठसे पुढच्या अर्जांना ५९ महिने चालतात.

नकार आला तर सोबत छापील कारण येतं. परत जाण्याच्या इराद्याबद्दल खात्री पटली नाही असं असेल तर धंद्याचे आणि कुटुंबाचे कागद कमी पडले, मुक्कामाचा उद्देश विश्वासार्ह वाटला नाही असं असेल तर आराखडा किंवा आकडे जुळले नाहीत. तीच फाईल आठ दिवसांनी पुन्हा देण्यात अर्थ नसतो. कारण दुरुस्त करा, मग द्या. पुढं ब्रिटन किंवा अमेरिकेच्या अर्जात आधीच्या नकाराबद्दल विचारलं तर तो लपवू नका.

व्हिसा मिळाला की स्टिकरवर चालू तारीख, शेवटची तारीख आणि मुक्कामाचे दिवस या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाचा. तारखांमधलं अंतर जास्त असलं तरी राहता येतं मुक्कामाच्या दिवसांएवढंच. हॉटेलांची बुकिंगं, विमा आणि परतीचं तिकीट यांच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, सीमेवर पुन्हा विचारतात. आणि परत आल्यावर फाईलची एक प्रत जपून ठेवा. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी असा नियम आहे की मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नियमानं वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा मिळू शकतो. त्या अर्जाला आजच्या फाईलमधले तुमचे आकडे पुन्हा लागणार आहेत.